रंगाऱ्याच्या गालावरचा चुना

१२ मार्च

भावोजींना नमस्कार. नमस्कार सवयीचा आहे, त्यावरून माझ्या मनाचा अंदाज बांधू नका.

तुमचं पत्र पोचलं. फोन का करत नाही, असं विचारलंत. करते की. पण मी फोन केला की तुम्ही शिडीवर असता, आणि एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात फोन धरलेला माणूस 'हं, हं, बरं वहिनी' याच्यापलीकडे काही बोलत नाही. पत्र निदान खाली उतरून वाचाल.

धंदा जोरात आहे हे वाचलं. फवारणीवाले गल्लीत आले, घराघरात भिंतींवर औषध मारून गेले, भिंतींवर पांढरे ओघळ उमटले, आणि त्यांची पाठ वळते न वळते तोच तुम्ही बादली घेऊन दारात हजर. 'वहिनी, सरकारनेच मला गिऱ्हाईक मिळवून दिलं,' हे तुमचं वाक्य. सरकार ते औषध कशासाठी मारतं, हा प्रश्न काही तुम्हाला पडला नाही. चार वर्षांपूर्वी काळा आजार होऊन महिनाभर सुया टोचून घेणारे तुम्हीच ना? की तो दुसरा कोणी रंगारी होता? आणि तुमचे दादा ज्या तापाने गेले, तोही हाच. इथले डॉक्टर शेवटपर्यंत टायफॉइड म्हणत राहिले. मोठ्या दवाखान्यात खरं नाव कळलं तेव्हा नावाचा उपयोग फक्त दाखल्यावर लिहिण्यापुरता उरला होता. दोन वर्षं होतील आता.

बाइंडिंगचं दुकान मी चालवते आहे. पुस्तकं येतात, मी शिवते, आणि शिवता शिवता वाचते. सुटे फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या, हाताला लागतील तसे वाचत असल्यामुळे मला गोष्टीचा शेवट आधी कळतो आणि सुरुवात मागाहून. तक्रार नाही. आयुष्यात त्याच्या उलट होतं आणि तेही काही बरं नसतं.

पार्सलने मच्छरदाणी पाठवली आहे. वापरा.

आणखी एक. तुमच्या पत्राच्या तळाशी धाकटीच्या दोन ओळी असायच्या. या वेळी नव्हत्या. शाई संपली की बायको रुसली?

तुमची एकुलती एक वहिनी


२५ मार्च

वहिनी,

साष्टांग नमस्कार घातला असता, पण कंबर शिडीने धरली आहे. उभ्यानेच स्वीकारा.

आधी भिंतींचं. समोरच्या शिंप्याने बैठकीला मोरपंखी रंग दिला होता, माझ्याच हातचा. फवारणीवाल्यांनी त्याच्यावर असे ओघळ सोडले की भिंत रडून रडून झोपलेल्या पोरासारखी दिसायला लागली. शिंपी मला म्हणाला, 'हे बघवत नाही.' मलाही बघवेना. मी काय गुन्हा केला? आमच्या घरातल्या भिंतीला तर मी फवारणीच्याच आठवड्यात दोन हात मारले. रंगाऱ्याचं घर डागाळलेलं असलं तर त्याला काम कोण देणार?

मच्छरदाणी मिळाली. एकदम उत्तम. चुना गाळायला अशी जाळी मी वर्षभर शोधत होतो. रागावू नका, डास आमच्याकडे फारसे नाहीतच.

आजाराचं म्हणाल तर तो मी भोगून टाकला. आमच्या घराचा वाटा संपला. एका घरात एकदाच येणारा पाहुणा तो, पुन्हा काय म्हणून येईल?

धाकटी रुसलेली नाही. जरा कणकण असते तिला संध्याकाळची. मी दुकानातून गोळ्या आणतो, उतरते. जेवत कमी असली तरी पोट सुटलं आहे, म्हणजे बघा, आमच्या घरी सुबत्ता आली. हातात बांगड्या मात्र राहत नाहीत, कोपरापर्यंत सरकतात. काढून ठेवल्या आहेत. एकूण, अंगातलं सगळं वजन पोटावर जमा झालंय, सावकारासारखं.

तुमचा दीर, ज्याच्यावर तुमचा विश्वास नाही


४ एप्रिल

भावोजी,

तुमच्या पत्रातली विनोदी वाक्यं मी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवली. सुबत्तेचं वाक्य तर दोनदा वाचलं. त्या हसल्या नाहीत.

झालं असं, की बांधणीला एक आरोग्याचं पुस्तक आलं होतं. त्यात काळ्या आजाराचं प्रकरण निम्मंच, उरलेला फर्मा उंदरांनी खाल्लेला. उंदीर शहाणे झाले असतील, मी झाले नाही, म्हणून उठून दवाखान्यात गेले.

पहिली गोष्ट, मी चुकले. मच्छरदाणीचं तुम्ही जे केलंत त्याच लायकीची ती होती. हा आजार डास आणत नाही. एक वाळूमाशी असते, डासाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. तिचा आवाज नाही, उडणं कमी, टुणटुण उड्या जास्त. साध्या जाळीच्या भोकातून ती आरामात आत येते. ओल, भेगा, गोठ्याची कड ही तिची घरं. आजारी माणसाला चावली की त्याच्या रक्तातले बारीक जीव तिच्या पोटात जातात, तिथे वाढतात, आणि पुढच्या चाव्याला दुसऱ्याच्या अंगात उतरतात. मग ते पानथरीत, म्हणजे प्लीहेत, जाऊन बसतात. पानथरी फुगते आणि पोट पुढे येतं. ही तुमची सुबत्ता.

दुसरी गोष्ट भिंतीची. रक्त पिऊन जड झालेली माशी लांब जाऊ शकत नाही. ती जवळच्या भिंतीवर टेकते. भिंतीवर औषध असलं की तिथेच मरते. म्हणून फवारलेली भिंत तीन महिने धुवायची नाही, लिंपायची नाही, रंगवायची नाही. तुम्ही काय केलंत? घरोघर जाऊन औषधावर चुना चढवलात. माशीला बसायला कोरी करकरीत भिंत करून दिलीत, तीही दोन हातांची. गल्लीतल्या माश्यांनी तुमचा सत्कार करायला हवा.

तिसरी गोष्ट. धाकटीला ताप किती दिवस आहे? 'जरा' नको, दिवस लिहा. दोन आठवड्यांच्या वर असेल तर पत्राला उत्तर न लिहिता तिला दवाखान्यात न्या. बोटातून थेंबभर रक्त घेतात, पट्टीवर टाकतात, चहा निवेपर्यंत कळतं. आता महिनाभर सुयाही नाहीत. एक सलाइन लावतात.

पाहुणा एकदाच येतो म्हणता. ज्या घरात बिछाना घातलेला असतो तिथे तो पुन्हा येतो, भावोजी.

वहिनी


२० एप्रिल

ताई,

हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे. वाकडंतिकडं झालं तर समजून घ्या, बसून लिहिलं की डाव्या कुशीत दगड ठेवल्यासारखं होतं.

ताप महिन्याच्या वर झाला. आरशात बघितलं तर रंग काळवंडलाय. मी ह्यांना विचारलं, 'मी काळी दिसते का हो?' तर म्हणाले, 'उजेडच कमी आहे घरात, पिवळा मारतो भिंतीला.' आणि खरंच मारला.

तुमचं पत्र त्यांनी मला वाचू दिलं नाही, पण त्यांच्या तोंडावरून कळलं. तुम्ही त्यांना निष्काळजी म्हणाल. तसं नाही ताई. ते घाबरलेत. आपणच सगळ्यांच्या भिंती रंगवल्या आणि आपल्याच घरात आजार निघाला, हे कळलं तर गल्ली काय म्हणेल, हे एक. दुसरं ते बोलत नाहीत, पण मला माहीत आहे. मोठ्या भावोजींच्या वेळी दवाखान्याच्या दारात तुमच्या शेजारी तेच उभे होते. आता त्यांना वाटतं, दवाखान्यात नेलं की नाव कळतं आणि नाव कळलं की माणूस जातं.

तुम्ही रागावून लिहू नका. तुमच्या रागाला ते घाबरत नाहीत, त्यांना तो आवडतो. आणखी काहीतरी करा.

ह्यांच्या हनुवटीवरचे आणि गालावरचे फिकट डागही वाढलेत. थिनरचे आहेत म्हणतात. दुखत नाहीत, खाजत नाहीत. मी आपलं लिहिलं, तुम्ही वाचणाऱ्या आहात म्हणून.

धाकटी


२४ एप्रिल

भावोजी,

मी गुरुवारी सकाळच्या गाडीने येते आहे. दुकानाला कुलूप लावून येते, त्यामुळे माझा मुक्काम फुकटचा समजू नका. तुम्ही शिडीवर असलात तरी चालेल. मला धाकटीला न्यायचं आहे, तुम्हाला नाही.

वहिनी


२९ मे

वहिनी,

तुम्ही गेल्यापासून घरात शांतता आहे आणि ती कोणालाच आवडत नाही.

तुम्ही आलात काय, चपला न काढता आत गेलात काय, 'ऊठ गं' म्हणून धाकटीला रिक्षात घातलंत काय. मी पिवळा ब्रश हातात धरून दारात उभा. रिक्षावाला मला विचारतो, 'बाई पोलिसात आहेत का?' मी म्हटलं, 'वहिनी आहेत.' त्याने मला भाड्यात सूट दिली.

पट्टीवर दोन रेघा आल्या तेव्हा मी बाहेर जाऊन बसलो, ते तुम्ही पाहिलंत आणि काही बोलला नाहीत, याबद्दल आभार. एरवी तुम्ही बोलता.

धाकटी बरी आहे. ताप नाही. पोट उतरतंय. काल तिने मला स्वयंपाकघरातून बाहेर काढलं आणि माझ्या भाजीला जनावराच्या खाद्याची उपमा दिली. डॉक्टर म्हणाले, तब्येत सुधारल्याची लक्षणं. मला महिनाभर सुया टोचल्या होत्या आणि हिचं एका बाटलीत आटोपलं. बायकांना सगळंच स्वस्तात पडतं.

फवारणीवाल्यांना मी स्वतः जाऊन पुन्हा बोलावून आणलं. माझ्या हाताने रंगवलेल्या भिंतींवर, माझ्या देखत, ओघळ पाडून घेतले. शिंपी म्हणाला, 'आता कधी रंगवायची?' मी म्हटलं, 'तीन महिने माझ्याकडे बघायचं नाही.' लोक म्हणतात रंगारी बिघडला.

आता माझ्या तोंडाचं. जाताना तुम्ही डॉक्टरांच्या कानात काही सांगितलंत, ते मला रोज निरोप पाठवतात. वहिनी, मी ठणठणीत आहे. दोन माणसांचं जेवतो, तीन मजली शिडी चढतो. डाग थिनरचे आहेत. रंगाऱ्याच्या अंगावर पांढरं नसेल तर काय गुलाबी असेल? एवढ्यासाठी बारा आठवडे कॅप्सूल खा म्हणतात. तोंड धुऊन भागत असेल तर बघतो.

तुमचा दीर


७ जून

भावोजी,

तोंड धुऊन भागत असतं तर आतापर्यंत भागलं असतं. अर्थात तुम्ही धूत असाल, हे मी गृहीत धरते आहे.

डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं ते तुम्हाला कळेल असं लिहिते. सुयांनी तुमचा ताप गेला, पानथरी साफ झाली. पण थोडे जीव कातडीत दडून बसले. घरमालकाने घर रिकामं करून घेतलं आणि दोन भाडेकरू माळ्यावर राहून गेले, तसं. वर्ष-दोन वर्षांनी ते डाग होऊन वर येतात. तुम्हाला त्यांचा काही त्रास नाही. दुखत नाही, खाजत नाही, ताप नाही, दोन माणसांचं जेवण जातं. त्रास दुसऱ्यांना. माशी तुम्हाला चावते, तुमच्या कातडीतून ते जीव उचलते आणि शेजारी झोपलेल्या माणसाला नेऊन देते. म्हणजे तुम्ही आजारी नाही. तुम्ही खानावळ आहात. माश्या येतात, जेवतात, डबाही भरून नेतात.

धाकटीला तो डबा कुठून आला असेल, याचा विचार शिडीवरून उतरल्यावर करा.

कातडीचा बारीक कण काढून काचेवर बघतात. मुंगी चावल्याएवढं दुखतं. दुसरी फवारणी होईल, तिसरी होईल, पण खानावळ उघडीच असेल तर उपयोग काय? कॅप्सूल घ्या. मळमळेल, उलट्या होतील. डोळे लाल झाले किंवा दुखले तर लगेच डॉक्टरांना दाखवायचं, हे विसरू नका.

वहिनी


७ जून

धाकटे,

भावोजींच्या पत्रात लिहिता येणार नाही ते तुला वेगळ्या पाकिटात लिहिते. वाचून फाडून टाक.

डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, 'डाग आल्यापासून त्या घरात आणखी कोण कोण राहिलं होतं?' मी तुझं नाव सांगितलं. दुसरं नाव ओठावर आलं होतं, ते तिथे घेतलं नाही.

भावोजींचं मनगट मोडलं तेव्हा शाळेचं रंगकाम अर्धं राहिलं होतं. आमचे हे दुकान माझ्यावर टाकून दोन महिने तुमच्याकडे येऊन राहिले. त्याच खोलीत, भावोजींच्या शेजारच्या अंथरुणावर. परत आले आणि पुढे काही महिन्यांनी ताप सुरू झाला. आमच्या भागात हा आजार नाही, म्हणून तर इथल्या डॉक्टरला सुचला नाही.

मी हे मनात जुळवलं आणि ठेवून दिलं. तू भावोजींना यातलं काही सांगू नकोस. त्यांना हिशेब येत नाही ही आपल्यावर एक कृपाच आहे. ती टिकू दे.

पोटभर जेव.

ताई


१९ जुलै

वहिनी,

काचेवर निघाले. डॉक्टरांनी मला सूक्ष्मदर्शकातून दाखवले. टाचणीच्या टोकाहून बारीक ठिपके. मी म्हटलं, एवढ्यांचं भाडं किती थकलं असेल.

कॅप्सूल सुरू केल्या. उलट्या होतात. धाकटी बादली घेऊन मागे उभी असते, पूर्वी मी बादली घेऊन फिरायचो. महिनाभर नेमाने घेतल्या. परवापासून बंद केल्या आहेत. धाकटीला माहीत नाही, मी तोंडात ठेवतो आणि मागल्या दारी थुंकतो. का, ते सांगतो.

परवा तोंड धुताना आरशात गाल पाहिला आणि एक आठवलं. दादा आले होते, मनगट मोडलं तेव्हा. पहिल्याच दिवशी संध्याकाळी आम्ही ओट्यावर बसलो होतो. ते म्हणाले, 'अरे, तोंड तरी धू, गालावर चुना आहे.' मी म्हटलं, धुतलंय. 'मग हे काय आहे?' म्हणून त्यांनी स्वतःचा टॉवेल ओला केला आणि लहानपणी पुसायचे तसा माझा गाल पुसला. निघेना. पुन्हा पुसला. मग म्हणाले, 'हा चुना तुझ्या स्वभावात उतरलाय.' आम्ही दोघंही हसलो. दोन महिने ते रोज विचारायचे, 'काय, आज तरी निघाला का?'

तेव्हा होते, वहिनी. डाग तेव्हा होते.

तुम्ही खानावळ लिहिलंत तेव्हा मला धाकटीच दिसली. आता दादा दिसतात. भाऊ म्हणून मदतीला आले आणि मी त्यांना ताप बांधून दिला. मग मला बरं व्हायचा काय अधिकार? राहू देत डाग. रोज आरशात दिसू देत.

तुम्हाला हे माहीत होतं का? खरं लिहा. तुम्ही मला कधी चांगलं बोलला नाहीत, पण खोटंही बोलला नाहीत.

तुमचा दीर


२४ जुलै

भावोजी,

माहीत होतं. जूनपासून.

मी मागाहून डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, नक्की कोणालाच सांगता येणार नाही. त्या वर्षी तुमच्या गल्लीत तापाची माणसं आणखीही होती, माशी कोणाकडून जेवून आली हे तिच्या तोंडावर लिहिलेलं नसतं. ही त्यांची सभ्यता. तुम्ही खरं मागितलंत, म्हणून माझं मत लिहिते. मला वाटतं, तुमच्याकडूनच आला.

हे कळलं त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं आणि तुमच्यावर रागावायला बसले. जमलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. चांगलं जमलं. तुमची सगळी पत्रं काढली आणि प्रत्येकाला मनात उत्तर दिलं. ती उत्तरं तुम्हाला पोस्टाने आली असती तर तुम्ही शिडीवरून उतरलाच नसतात.

मग एक आठवलं. ते तुमच्याकडे निघाले तेव्हा मी म्हटलं होतं, 'दुकान सोडून कशाला जाता? तिथे दुसरा रंगारी मिळेल.' ते म्हणाले, 'रंगारी मिळेल. मी रंगवायला चाललोय का?' त्यांना रंगवता येत नव्हतं, हे आपल्या दोघांना माहीत आहे. शाळेच्या भिंतीचं त्यांनी काय केलं ते तुम्हीच मागाहून निस्तरलंत. ते तुमच्याजवळ राहायला आले होते. तेव्हा कोणी त्यांना सांगितलं असतं की हा चुना नाही, तर ते पळून आले असते का? तुमचा कान धरून दवाखान्यात नेलं असतं आणि परत येऊन त्याच अंथरुणावर झोपले असते. तुम्हाला ठाऊक नव्हतं. त्यांना नव्हतं. मला नव्हतं. मी तर तेव्हा डासांवर रागावले होते.

आता कॅप्सूलचं. स्वतःला शिक्षा म्हणून तुम्ही औषध बंद केलंत. शिक्षा तुमची आणि चावणार धाकटीला. असा न्याय त्या माशीला पटेल, मला पटत नाही. शिक्षाच हवी असेल तर बारा आठवडे ओका. तुमच्या पापाला ते कमी वाटत असेल तर आरशाकडे तक्रार करा, पण ओकल्यानंतर. मध्ये खंड पडला आहे, तो डॉक्टरांना सांगा आणि किती पुढे घ्यायच्या ते विचारा. थुंकल्याचंही सांगा. त्यांनी तुमच्याहून मोठी मूर्ख माणसं पाहिली असतील अशी आशा आहे.

क्षमेबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, म्हणून मीही लिहीत नाही. ती माझ्याजवळ आहे की नाही हे मला अजून नक्की माहीत नाही. बरे झालात की इकडे या. दोघं बसून बघू. ते गेल्यापासून मी कोणासमोर रडले नाही, कारण त्यांच्याबद्दल ऐकावं असं माणूस समोर नव्हतं. त्या टॉवेलची गोष्ट मला ठाऊक नव्हती. त्यांचं नवीन असं काही दोन वर्षांत माझ्या वाट्याला आलं नव्हतं. ती पत्रात चार ओळींत उरकलीत. मला पूर्ण ऐकायची आहे, ते काय काय म्हणाले, कसे हसले, सगळी. त्यासाठी तुम्ही जिवंत आणि स्वच्छ लागता.

आज धाकटीसमोर बसून घ्या, जेवण झाल्यावर, उपाशीपोटी नको. तोंड उघडून दाखवा. मी तिला वेगळं लिहिलं आहे.

वहिनी